नेमलेले वचन

बंगळूर हे शहर मराठी माणसाला परके नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांची जहागीर येथे होती, आणि तेव्हापासून मराठी बोलणारी घराणी या शहरात नांदत आली आहेत. आज या नगरीचे नाव निघाले की संगणकाचे कारखाने, उंच इमारती आणि रस्त्यांवरची न संपणारी रहदारी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु ही रहदारी सुरू होण्यापूर्वी, उजाडता उजाडता, या शहरात आणखी एक नित्यक्रम चाललेला असतो. शिवाजीनगरातील सेंट मेरीच्या मंदिरात, आणि शहरातील इतर अनेक कॅथलिक मंदिरांत, बायबलमधील त्या दिवसाचा उतारा वाचला जातो. कुठे तो कानडीत असतो, कुठे तमिळमध्ये, कुठे कोंकणीत किंवा इंग्रजीत. त्याच सकाळी वसईच्या देवळात तोच उतारा मराठीत वाचला जात असतो. काही स्थानिक सणांचे दिवस सोडले, तर जगभर त्या दिवशी वाचन तेच. मंदिरात जाऊ न शकणारी वृद्ध माणसे घरी खिडकीजवळ बसून तोच भाग वाचतात, क्षणभर थांबतात, त्यावर विचार करतात आणि मग प्रार्थना करून दिवसाला लागतात.

या नित्यक्रमात एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. तो उतारा वाचणाऱ्याने निवडलेला नसतो. तो त्या तारखेस नेमलेला असतो. वाचणारा आनंदात असो वा शोकात, त्याचे शेजाऱ्याशी भांडण झालेले असो वा त्याच्या घरी मंगलकार्य असो, त्या दिवसाचे वचन त्याची मनःस्थिती विचारून येत नाही. ते येते आणि त्याच्यापुढे उभे राहते. दैनंदिन ख्रिस्ती चिंतनाचे सारे बळ, आणि सारी अडचणही, या एका गोष्टीत सामावलेली आहे.

मराठी मनाला नित्यपाठ नवा नाही. वारकऱ्याच्या घरी संध्याकाळी हरिपाठ होतो. पहाटे कुणी गीतेचा अध्याय म्हणतो, कुणी दासबोधाचा समास वाचतो. हरिपाठात शब्द रोज तेच असतात, माणूस मात्र रोज बदललेला असतो. त्याच शब्दांत त्याला दरवेळी नवा अर्थ सापडतो. ख्रिस्ती वाचनमालेची रीत थोडी निराळी आहे. येथे शब्द रोज बदलतात, आणि वर्षाने किंवा दोन वर्षांनी फिरून जेव्हा तोच उतारा समोर येतो, तेव्हा मधल्या काळात आपल्यात काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे माणसाला कळून चुकते. एका रीतीत पाठ स्थिर आहे. दुसऱ्या रीतीत वर्तुळ स्थिर आहे.

शास्त्रवचनाचे दिवस नेमून देण्याची ही चाल ख्रिस्ती धर्माहूनही जुनी आहे. यहुदी सभास्थानांत तोराचे भाग आठवड्यागणिक वाटून दिलेले असतात आणि वर्षभरात संपूर्ण तोरा वाचून होतो. मुंबईत आणि रायगड जिल्ह्यात राहणाऱ्या, घरी मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाच्या सभास्थानांतही हा क्रम पाळला जातो. लूकच्या शुभवर्तमानात अशी कथा आहे की, येशू नासरेथच्या सभास्थानात वाचावयास उभा राहिला तेव्हा यशया संदेष्ट्याची गुंडाळी त्याच्या हाती देण्यात आली. गुंडाळी त्याने मागून घेतली नव्हती. हाती आलेल्या ग्रंथातूनच त्याने दीनदुबळ्यांविषयीचा आपला संदेश सांगितला.

पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नियम घालून दिले, त्यांत स्तोत्रसंहितेतील सर्व 150 स्तोत्रे आठवड्याभरात म्हणावीत असे सांगितले. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या एका मठाधिपतीने वाचनापासून ध्यानापर्यंतच्या वाटेच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द ध्यान. आपल्याकडील श्रवण, मनन, निदिध्यासन या त्रयीची येथे सहज आठवण व्हावी. मननाला जुन्या लॅटिन लेखकांनी वापरलेला शब्द तर शेतकऱ्याच्या गोठ्यातला आहे. तो शब्द म्हणजे रवंथ. गाय जसा चारा एकदा गिळते आणि मग निवांत बसून पुन्हा चघळते, तसे वचन प्रथम कानांनी घ्यावे आणि मग दिवसभर सावकाश चघळावे, असा त्याचा भाव.

प्रॉटेस्टंट पंथांनीही ही रीत आपापल्या परीने वाढविली. जर्मनीतील हर्नहुट या लहानशा गावी 1728 साली काउंट झिन्झेनडॉर्फ यांनी आपल्या मोरेव्हियन मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वचन देण्यास प्रारंभ केला. 1731 पासून अशा वचनांची पुस्तिका छापून निघू लागली आणि आजही ती दरवर्षी निघते. तिच्यातील जुन्या करारातील वचने चिठ्ठ्या टाकून निवडतात. स्कॉटलंडमधील तरुण धर्मोपदेशक रॉबर्ट मरे मक्शेन यांनी 1842 साली आपल्या मंडळीसाठी वर्षभराचा तक्ता तयार केला. त्याप्रमाणे वाचल्यास वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा पुरी होतात. रीती निराळ्या, पण त्यामागील विचार एकच. आवडीचे तेवढे उचलायचे आणि नावडते टाळायचे, ही मुभा वाचकाने स्वतःला देऊ नये.

बंगळूरचा या विषयाशी संबंध आला तो 1960 नंतरच्या दशकात. तोपर्यंत कॅथलिक उपासना लॅटिन भाषेत चालत असे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने लोकभाषांना उपासनेचे दार उघडून दिले आणि 1965 साली प्रकटीकरणाविषयी जो लेख प्रसिद्ध केला, त्यात शास्त्रवाचन हे सर्व श्रद्धावंतांचे काम आहे असे स्पष्टपणे सांगितले. पाठोपाठ 1969 साली नवी वाचनमाला ठरली. रविवारच्या पाठांचे चक्र तीन वर्षांचे झाले. इतर दिवशी शुभवर्तमानाचे पाठ दरवर्षी तेच यावेत आणि वर्षातील बहुतेक आठवड्यांत पहिला पाठ एक वर्षाआड बदलावा, असे ठरविण्यात आले.

परंतु भारतातील श्रद्धावंतांनी हे वचन कसे ऐकावे? कोणत्या शब्दांत, कसे बसून, कोणत्या वातावरणात? या प्रश्नांचा विचार करण्यासाठी 1967 साली बंगळूर येथे राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण व उपासना केंद्र स्थापन झाले. त्याचे संस्थापक फादर अमलोरपवदास हे तमिळनाडूकडील विद्वान धर्मगुरू. जमिनीवर मांडी घालून बसणे, पादत्राणे बाहेर काढणे, हात जोडून नमस्कार करणे, समई लावणे, आरती ओवाळणे, अशा भारतीय रीतींना उपासनेत स्थान देण्यास 1969 साली रोमकडून अनुमती मिळाली. बंगळूरच्या केंद्रात त्या रीती आचरून पाहण्यात आल्या. हे सर्वांना रुचले असे मात्र नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या पद्धतीने प्रार्थना केली ती सोडून परक्या वाटणाऱ्या रीती का घ्याव्यात, असे अनेक भाविक कॅथलिकांनीच विचारले आणि त्यावरून तीव्र वाद झाले. दोन्ही पक्षांच्या मनात एकच काळजी होती, हे विसरून चालणार नाही. वचन आपल्या अंतःकरणापर्यंत पोचावे, आणि पोचताना त्याचे वेगळेपण हरपू नये, हीच ती काळजी. भारतातील अनेक भाषांत बायबल छापून पुरविणाऱ्या बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय बंगळूरलाच आहे. तेव्हा शास्त्र आणि लोकभाषा यांचा संबंध कसा असावा, या प्रश्नाशी या शहराचे नाव दोन्ही बाजूंनी जोडले गेले आहे.

महाराष्ट्र आणि गोवे यांना हा प्रश्न फार पूर्वीच पडला होता. 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यातील राचोल येथे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापले. देवनागरी ठसे नसल्याने ते रोमन लिपीत छापावे लागले. पण कान मराठी, छंद मराठी आणि पुराण ऐकण्याची रीतही मराठी. गोव्यातील चर्चांमधून ते वाचले जाई आणि लोक ते ऐकत. पुढे विल्यम कॅरे यांनी श्रीरामपूरहून 1805 साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले. त्यानंतरही मिशनऱ्यांनी आणि बाबा पदमनजींसारख्या मराठी ख्रिस्ती लेखकांनी मराठी बायबलवर परिश्रम केले. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि 2013 साली त्यास साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

भाषेचा हा प्रश्न किती खोल जातो, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसते. पुराणे सांगत भारतभर पायी हिंडणाऱ्या घरात त्यांचे बालपण गेले. आईवडील दुष्काळात गेले. 1878 साली भावासह त्या कलकत्त्यास पोचल्या, तेव्हा त्यांच्या संस्कृत विद्वत्तेने तेथील पंडित थक्क झाले. त्याच शहरात ख्रिस्ती मंडळींनी त्यांना संस्कृत बायबल भेट दिले. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे की, त्या ग्रंथाचे संस्कृत त्यांना परिचित असलेल्या संस्कृत वाङ्मयाहून इतके निराळे होते की, ते वाचणे त्यांना वेळेचा अपव्यय वाटला. काही वर्षांनी आसामात, पतीच्या घरी, लूकच्या शुभवर्तमानाची एक छोटी बंगाली पुस्तिका त्यांच्या हाती लागली, आणि तिने मात्र त्यांना वाचावयास लावले. ज्या स्त्रीला संस्कृत मातृभाषेसारखे येत होते, तिच्याशी ते शास्त्र प्रथम बोलले ते घरगुती बंगालीत.

1883 साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी शेकडो दुष्काळग्रस्त आणि विधवा स्त्रियांना आश्रय दिला. या स्त्रियांना रोज वाचावयास द्यायचे ते कोणते बायबल? रूढ मराठी भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटले. नुकत्याच अक्षरे गिरवू लागलेल्या खेड्यातील बाईला ते समजणार नव्हते. म्हणून प्रौढ वयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी स्वतः भाषांतर हाती घेतले. मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियाच खिळे जुळवीत. संस्कृतमधील शास्त्रार्थात पुरुष पंडितांनाही आश्चर्यचकित करणारी ही विदुषी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत साधे शब्द शोधीत बसली होती. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे देहावसान झाले, तेव्हा भाषांतराचे काम पुरे होत आलेले होते. संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले. केडगावच्या ओसरीवर अक्षरे जुळवून वाचणाऱ्या एखाद्या बाईला त्या दिवसाचे वचन स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावे, यासाठी हा सारा खटाटोप होता.

आता नेमलेल्या वचनाकडे पुन्हा वळले पाहिजे. असे वचन माणसाला काय करते? यासाठी एकच पाठ घेऊ. कॅथलिक वाचनमालेत दरवर्षी बहुधा ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या मजुरांची कथा येते. मळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन एक दीनार रोज ठरवून मजूर लावतो. पुन्हा सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी जाऊन आणखी लावतो. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना तो पुन्हा जातो, तो काही माणसे तशीच उभी. संध्याकाळी मजुरी वाटताना तो शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करतो आणि प्रत्येकाच्या हातावर पूर्ण दीनार ठेवतो. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुरतात.

बंगळूरमध्ये हा पाठ ऐकून बाहेर पडणाऱ्याला त्याचा अर्थ पुस्तकात शोधावा लागत नाही. सकाळी शहराच्या अनेक चौकांत मजूर उभे असतात. त्यांत कलबुर्गी, यादगीर, रायचूर या कोरडवाहू मुलखातून आलेली कुटुंबे असतात. बाईच्या कडेवर मूल असते, पुरुषाच्या हातात थापी किंवा फावडे. मुकादम येतो, धडधाकट दिसतील ते निवडतो, टेंपोत भरतो आणि निघून जातो. दहा वाजले की चौकात उरतात ते म्हातारे, लंगडे आणि लेकुरवाळ्या.

कथा पहिल्यांदा ऐकताना बहुतेक श्रोते पहाटेच्या मजुरांच्या रांगेत उभे असतात. त्यांची तक्रार रास्त वाटते. ज्याने नोकरी इमानाने केली, कर वेळेवर भरला, मुलांना नीट वाढविले, त्याला ही कथा खुपल्याशिवाय राहत नाही. स्वतः निवडून कोणी हा पाठ वाचला नसता. परंतु तो त्या दिवशी नेमलेला आहे; पान उलटता येत नाही. मग मनन सुरू होते, आणि हळूहळू एक निराळा प्रश्न वर येतो. उशिरा आलेले ते मजूर दिवसभर कुठे होते? ते झोपलेले नव्हते. कुणी कामावर लावले नाही म्हणून ते उभे होते. काम करणाऱ्याला निदान संध्याकाळची खात्री होती. उभे राहणाऱ्याला तीही नव्हती. त्यांच्या घरीही चूल होती आणि तिला तितकेच जळण लागत होते. धनी श्रमाचा हिशेब करीत नव्हता. तो भुकेचा हिशेब करीत होता. येथवर विचार पोचला की प्रार्थनेचे शब्द आपोआप बदलतात. “माझे मला मिळू दे” असे म्हणावयास बसलेला मनुष्य चौकात उरलेल्यांची नावे नसलेली यादी देवापुढे मांडू लागतो.

या एका कथेने भारताच्या इतिहासातही आपला ठसा उमटविला आहे. जॉन रस्किन या इंग्रज लेखकाने 1860 साली अर्थशास्त्रावर जे निबंध लिहिले, त्यांचे शीर्षक त्याने याच कथेतील धन्याच्या शब्दांवरून घेतले. 1904 साली जोहान्सबर्गहून डर्बनला निघालेल्या गांधीजींच्या हाती हेन्री पोलक या स्नेह्याने ते पुस्तक ठेवले. गाडीत ते वाचून त्यांना रात्री झोप आली नाही, आणि त्याप्रमाणे जीवन बदलावयाचे त्यांनी ठरविले. 1908 साली त्यांनी त्याचे सार गुजरातीत लिहिले आणि त्यास ‘सर्वोदय’ असे नाव दिले. तोच शब्द पुढे कोकणातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी गावोगाव पायी नेला. अंत्योदयाचा विचार करणाऱ्यांनी या मजुरांची आठवण ठेवावी.

आगगाडीतील दुसरे एक वाचन महाराष्ट्राला अधिक जवळचे आहे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या नारायण वामन टिळकांना एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. टिळक ती पहिल्यापासून वाचू लागले आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरील प्रवचनाशी येऊन थबकले. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे त्यांच्या संसारात जी उलथापालथ झाली, तिचे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये केलेले कथन मराठीत अजोड आहे. गांधीजी हिंदूच राहिले, टिळक ख्रिस्ती झाले; वाचनाचे फळ दोघांना निरनिराळे मिळाले. पण टिळकांनी ती प्रत शोधून काढली नव्हती आणि गांधीजींनी ते पुस्तक मागितले नव्हते. हाती आलेले दोघांनी निमूटपणे वाचले, आणि वाचलेल्यापासून पळ काढला नाही.

या नित्यक्रमातील धोके लपवून ठेवण्याचे कारण नाही. पहिला धोका सवयीचा. जीभ वाचीत राहते आणि मन बाजारात फिरते. दुसरा धोका तयार चिंतनाचा. आज रोजच्या वचनाबरोबर त्यावरील विवेचनही आयते मिळते. ते वाचले की स्वतः रवंथ करावयाचे राहून जाते. तिसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. वचन नेमणारी शेवटी माणसेच असतात, आणि माणसे काही भाग गाळतातही. व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक धर्मगुरूंच्या दैनिक प्रार्थनाग्रंथाची नवी रचना झाली, तेव्हा शत्रूंना शाप देणारी 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रे त्यातून वगळण्यात आली. अशा कठोर वचनांनी प्रार्थना करणे मनाला जड जाते, हे खरे. परंतु अन्यायाने पोळलेला माणूस देवापुढे शापही बोलून जातो, हे शास्त्राने प्रांजळपणे नोंदविले आहे. ते गाळल्याने माणसाच्या मनातील राग गळून जात नाही. ज्याला आपल्या मनातील अंधारही देवापुढे ठेवावयाचा आहे, त्याने ही स्तोत्रे स्वतः उघडून वाचावीत.

तरीही नेमाने वाचणाऱ्याला एक लाभ निश्चित होतो. आपल्या इच्छेबाहेरून आलेल्या शब्दाला रोज थोडा वेळ जागा देण्याची त्याला सवय लागते. आणि ज्याला शब्दासाठी जागा करता येते, त्याला हळूहळू माणसासाठीही जागा करता येते. कारण शेजारी, सहकारी, दाराशी येणारा गरजू, ही माणसेही कोणी निवडलेली नसतात. तीही त्या त्या दिवसास नेमलेलीच असतात.

पुढच्या ऑगस्टमध्ये द्राक्षमळ्याची कथा पुन्हा येईल. बंगळूरच्या मंदिरात ती कानडीत वाचली जाईल, वसईत मराठीत. वाचन संपेल, लोक बाहेर पडतील. चौकात तेव्हाही माणसे उभी असतील.